नवसूकाकांचा तारपा आणि माझं घर्षण

न थांबणारं यंत्र बनवता येत नाही, हे मी सकाळी विज्ञान परिषदेत सिद्ध केलं आणि संध्याकाळी त्याच परिषदेत खोटं पाडलं.

परिषद नरपडला, एका चिकूच्या वाडीत भरली होती. मी डहाणूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. घर्षण हा माझा जिव्हाळ्याचा विषय. (बायको म्हणते, स्वभावसुद्धा.) ‘घर्षण शेवटी सगळं थांबवतंच’ या माझ्या निबंधाला टाळ्या पडल्या, म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमाची सूत्रंही माझ्याकडे आली. म्हणजे मीच ती मागून घेतली!

कार्यक्रम सोपा होता. आधी तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरचा तारपा नाच, मग सुनीताचं गाणं, मग जेवण. सुनीता म्हणजे माझी बायको. शाळेत शिकवते, मुलांची गाणी बसवते. पण स्वतः रचलेलं गाणं ती पहिल्यांदाच लोकांसमोर म्हणणार होती. महिनाभर आमच्या घरात कुकरलासुद्धा बेसूर शिटी मारायची सोय नव्हती.

“तारपा वेळेत आटपेल ना हो?” तिनं विचारलं. “लोकांना एकदा जेवणाचा वास लागला की माझं कोण ऐकणार?”

“अगं, वाजवणारे माझे सख्खे काका! मी नुसतं डोळ्यानं खुणावलं की थांबतील.”

तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं लांबलचक वाद्य. नवसूकाका गाल फुगवून, श्वास न तोडता ते वाजवतात. ते मध्ये उभे आणि भोवती एकमेकांच्या कमरेला धरून नाचणाऱ्यांचा फेर. पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा एक नियम. फेरात माणूस आहे तोवर वाजवणाऱ्यानं तारपा खाली ठेवायचा नाही, हा दुसरा. पाहुण्यांना मी पहिला नियम ऐटीत सांगितला आणि ओरडलो, “या, सगळे या!” दुसरा सांगायची मला गरज वाटली नाही.

सगळे आले. परिषदेच्या अध्यक्षबाई चपला काढून आल्या! आणि ही शास्त्रज्ञ मंडळी पडली सभ्य. कलाकार वाजवतोय तोवर निघायचं कसं, म्हणून ती नाचत राहिली. आणि लोक नाचताहेत म्हणून काका वाजवत राहिले.

मी डोळ्यानं खुणावलं. काकांचे डोळे मिटलेले. ते उघडल्यावर मी मनगटावरचं घड्याळ दाखवून बोट गरागरा फिरवलं. काकांनी मान डोलावली आणि लय दुप्पट केली! मी माइक बंद केला. तारप्याला माइक लागतच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. सुनीता रेशमी साडीत एका बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात केटरर कानजीभाई येऊन कुजबुजले, “साहेब, उंधियुं ठंडुं थाय छे!” म्हणजे जेवणही गार व्हायला लागलं होतं.

आता काकांच्या कानाशी जाण्यावाचून इलाज नव्हता. मी फेरात शिरलो. पाड्यावरच्या पुढच्या गड्यानं हसत काठी माझ्याच हातात दिली. “घ्या सर, व्हा म्होरं!”

मास्तर झाल्यापासून मी फेर धरला नव्हता. मला काठी घेऊन पुढे बघताच काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता अशा माणसाला ‘थांबा’ म्हणायचं? मला म्हणवेना. शिवाय पाय आपोआप पडायला लागले होते आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. म्हटलं, एक फेरा घेऊ, मग काका आपणहून थांबतील.

ते थांबले नाहीत. मग मीही कसा थांबणार? मागच्याचा हात माझ्या कमरेवरून निघाला, तेव्हा वाटलं, घाम पुसत असेल. मागून टाळ्या आल्या, तेव्हा वाटलं, माझ्यासाठीच! मी आणखी जोरात काठी आपटली. मागं वळून बघायची सोय नव्हती. तारप्याकडे पाठ करायची नाही, हे मीच सांगितलं होतं.

शेवटी पोटरीत गोळा आला आणि मी धपकन बसलो. त्याच क्षणी तारपा थांबला.

“काका,” मी धापा टाकत म्हणालो, “थांबायचं की हो!”

“आरं, मी कवाचा दमलोय!” काका कपाळ पुसत म्हणाले. “पण तू फेर धरलेला. तारपा खाली ठेवू कसा?”

“मी तुम्ही थांबायची वाट बघत होतो!”

“आन मी तुजी!”

मी मागं बघितलं. हिरवळीवर चिटपाखरू नव्हतं. ‘सर आहेत फेरात,’ म्हणून पाड्यावरची माणसंसुद्धा निर्धास्त जेवायला गेली होती. तिकडे टेबलांच्या मध्ये सुनीता उभी होती आणि लोक ताटं बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होते. ते गाणं, महिनाभर घोटलेलं, तिनं माइकविना म्हणून संपवलं होतं. अध्यक्षबाई डोळे पुसत माझ्याकडे आल्या.

“काय गायल्या हो तुमच्या मिसेस! तुम्ही ऐकलंत ना? आणि सर, सकाळचा तो निबंध तेवढा मागे घ्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या परिषदेनं ऐकलं आणि नवऱ्यानंच नाही!

डहाणू रोडला घरी येऊन मी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलो. सुनीता समोर खुर्ची ओढून बसली.

“आता उठून कुठं जाणार?” ती म्हणाली आणि गायला लागली.

गाणं खरोखर सुंदर होतं. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

“अगं, पुन्हा?”

“ऐकणाऱ्याचा हात चालू असेपर्यंत थांबायचं नसतं. काकांनी जेवताना सांगितलंय मला.”

बादलीतलं पाणी केव्हाच गार झालं होतं. टाळ्या थांबवाव्यात तर तिचा अपमान, वाजवाव्यात तर गाणं सुरू. सकाळी ज्या घर्षणानं मी सगळं जग थांबवून दाखवलं होतं, ते कधीतरी हेही थांबवेल, या भरवशावर मी टाळ्या वाजवत राहिलो.