आत कुणाचा आवाज हाय

शिरूरला माझी भजनं, ओव्या रेकॉर्ड करायची खोली होती, तेव्हा कॉम्प्युटर बिघडला की तो दुरुस्त करणारा पोरगा कारेगावहून यायचा. बसायचा कधीच नाही. एका पायावर भार देऊन दुसरा हलवत झाकण उघडायचा, साउंड कार्ड उपसून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासायचा आणि परत बसवायचा. तरीही आवाज खरखरला, तर म्हणायचा, "कार्डाचा ड्रायव्हर रुसलाय. फॉरमॅट मारू. सगळं पुसायचं आन् नव्यानं भरायचं."

त्या दुपारी सॉफ्टवेअरला कार्डच सापडेना आणि बाहेर भजनी मंडळ खोळंबलेलं. त्यानं विचारलं, "भाऊ, आत काय ठेवायचंय का?"

मी घाईत म्हणालो, "काही नाही. मार."

केंदूरच्या एका मेंढपाळ आबांच्या ओव्या आत होत्या, हे मला चार दिवसांनी आठवलं, त्यांचा मुलगा दारात उभा राहिला तेव्हा. आबा मधल्या काळात गेले होते. मुलाला तो आवाज हवा होता. मी शब्द जुळवतोय तोवर कार्ड घासत उभा असलेला तोच म्हणाला, "दादा, माझ्या हातनं पुसलं गेलं."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

त्यानंतर कामाला हात घालण्याआधी तो एकच विचारायचा, "आत कुणाचा आवाज हाय?" मी "कुणाचा नाही" म्हणालो, तरी खाली बसून, हेडफोन लावून एकेक फाईल स्वतः ऐकायचा. तेवढा वेळ त्याचा पाय हलायचा नाही. माझा हलायचा.