साठ कॅप्सूल कुणी घेतल्या?

मंगळवेढ्याच्या मावशींनी काउंटरवर पेढ्यांचा पुडा ठेवला. मागे सून रेखा, मान खाली. मी जुळे सोलापुरात एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. मी एक पेढा उचललाही.

"लई गुण आला तुमच्या गोळ्यांचा," मावशी म्हणाल्या. "सुनंला रोज सकाळी मळमळतंय, दिस गेल्यात जणू. आता गोळ्या बंद करू की देऊ?"

पेढा तोंडातच राहिला. त्या गोळ्या रेखाच्या नव्हत्याच.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याचं, दत्ताचं, व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं होतं. यात अंडकोशाकडच्या शिरा फुगतात, उष्णता वाढते, शुक्राणू कमी पडतात. डॉक्टर त्या शिरा बांधतात आणि सोबत अँटिऑक्सिडंट कॅप्सूल देतात. जीवनसत्त्वं, झिंक वगैरे. शुक्राणूंची झीज कमी व्हावी म्हणून. मदत किती होते याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. रोज एक, तीन महिने.

मावशींनी पिशवी जपून आणली होती. वर माझंच अक्षर: 'रेखा. रोज एक. चुकवू नये.' औषध न्यायला ती आली होती, म्हणून मी तिचं नाव लिहिलं. दत्ताने घरी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलेलं. मावशींनी पिशवी वाचली आणि रोज सकाळी सुनेला समोर बसवून, उपाशीपोटी एकेक गिळायला लावली. नवऱ्याचं झाकायचं म्हणून ती गिळत राहिली; आईला खरं सांगावं लागेल म्हणून दत्तानेही गोळ्या मागितल्या नाहीत. उपाशीपोटी झिंक घेतलं की मळमळतं.

साठ कॅप्सूल संपल्या होत्या. पेशंटच्या पोटात एकही नाही.

मी रेखाला पाळीचं विचारलं. "परवाच आली," ती पुटपुटली.

मावशींनी पुडा मागे ओढला. "मग मी ठरवलं हुतं तसं दत्तासाठी दुसरी बायकू बगती. हिला औशिदाचाबी गुण न्हाय."

मला सगळं माहीत होतं; पण पेशंटची गोष्ट घरच्यांनाही परस्पर सांगता येत नाही. तेवढ्यात गाडी लावून दत्ता आला. त्याला बाजूला घेऊन मी पिशवी दाखवली, चूक कबूल केली. तो त्या नावाकडे बघत राहिला. मग आईपुढे गेला.

"आई, गोळ्या माज्या हायत. ऑपरेशनबी त्याचंच हुतं. कमी माज्यात हाय, हिच्यात न्हाय."

मावशी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मग हिनं तोंड का उगडलं न्हाय?"

"उगडलं की. तू रोज त्यात गोळी घालत हुतीस."

डॉक्टरांनी रेखाला तपासलं. काही अपाय नव्हता. दत्ताने कॅप्सूल पहिल्यापासून सुरू केल्या, जेवणानंतर. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. ऑपरेशनने की कॅप्सूलने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मूल अजून नाही. दुसरीचा विषयही नाही.

आता मी पिशवीवर औषध नेणाऱ्याचं नाव लिहीत नाही, घेणाऱ्याचं लिहितो. मधे एकदा दत्ताच्या कॅप्सूल न्यायला मावशीच आल्या होत्या. माझा पेन उचलून त्यांनीच हातात दिला.

"नाव नीट लिवा," म्हणाल्या.