उलटी धरलेली फिल्म

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात दातांचे एक्स-रे काढणाऱ्या त्या बाईंना मी एकदाच भेटलो. गाडीत जळालेला माणूस माझा भाऊ आहे का, हे दातांवरून ठरायचं होतं. भावाची जुनी फिल्म आणि प्रेताची नवी, दोन्ही त्यांनी पाकळी धरावी तशा कडांना धरून दिव्याच्या काचेवर ठेवल्या. मी जुनी उचलून पाहिली. भरलेली दाढ नव्या फिल्ममधल्यापेक्षा दुसऱ्याच बाजूला होती.

“ताई, हा आमचा नाहीच!”

बाईंनी माझ्या हातातली फिल्म हळूच पालटली.

“दादा, उलटी धरलीत. फिल्मच्या कोपऱ्यातला हा उठलेला ठिपका आपल्याकडे ठेवायचा. माणूस समोर बसलाय, असं बघायचं.”

आता दोन्हींत भरलेली दाढ एकाच बाजूला होती. मी उठेपर्यंत त्यांनी दिवा विझवला नाही. भाऊ समोर बसला होता.