डायरीतलं घर

नवं साल लागतंय हे सुंदराला नवऱ्याच्या आवाजावरून कळायचं. डिसेंबर सरत आला की म्हस्कूचा आवाज जड व्हायचा. तो आळेफाट्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पावत्या फाडायचा, पण घरी बोलायला लागला की सगळा तालुका त्याच्याच टेबलावरून हालतो असं वाटावं. एक जानेवारीला संध्याकाळी बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी काखेत मारून तो पिंपरी पेंढारला घरी यायचा, ओट्यावर खुर्ची टाकायचा आणि हाक द्यायचा, "या रं समदी. घराचं या सालचं ध्येय ठरवायचंय."

समदी म्हणजे सुंदरा, मुलगी इंद्रायणी आणि सासू साळुबाई. साळुबाईला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यात मन लावून तीच ऐकायची.

सुंदरा मेंढरांमागं वाढलेली. दिवाळी झाली की बापाबरोबर कोकणात उतरायचं, पावसाआधी वर यायचं. जिथं मुक्काम तिथं तीन दगड मांडायचे, की झालं घर. म्हस्कूच्या बापानंही जन्मभर मेंढरंच हाकली होती, पण म्हस्कूला ते चारचौघांत निघालेलं खपत नसे. लग्न ठरताना "पोराचं सोताचं घर हाय" असं सांगितलं होतं. घर होतं खरं. दगडमातीचं, दोन खोल्यांचं, वर पत्रा. मागच्या खोलीत चूल होती आणि त्या खोलीला एकही खिडकी नव्हती. माळावर चुलीचा धूर आभाळात जायचा, इथं तो सुंदराच्या डोळ्यांत जायचा.

पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "अवं, चुलीपाशी येक खिडकी पाडा."

"घेतलं लिहून," म्हस्कू म्हणाला. तेवढं मात्र त्यानं खरंच केलं. दरसाल लिहून घेतलं.

एका साली ध्येय निघालं घराला नाव द्यायचं. नारायणगावाहून संगमरवरी पाटी आली, 'कृतार्थ'. ती दाराशेजारी बसवली. पाटीच्या वरच पत्र्याला भोक होतं, पावसाळ्यात कृतार्थवरून पाण्याचा ओघळ यायचा. ९७ साली रस्त्याच्या बाजूनं विटांचं कंपाउंड झालं आणि त्याला लोखंडी गेट. बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्याच. म्हैस बाजूनं जायची, शेजारच्या शेळ्या बाजूनं यायच्या, सुंदरा हंडा घेऊन बाजूनंच आत शिरायची. गेट उघडून येणारा म्हस्कू एकटाच. आत आला की मागं वळून कडी लावायचा. सुंदरा दाणे पाखडता पाखडता ते बघायची आणि सुपातली फोलपटं जरा जोरानंच उडवायची.

खिडकी दुसऱ्या नंबरावरून पाचव्यावर गेली, पाचव्यावरून नवव्यावर. मग फाट्यावरच्या कुणीतरी वास्तूचं सांगितलं. म्हस्कू म्हणाला, "त्या भिताडाला भोक पाडलं तर लक्ष्मी निघून जाती म्हणं."

"हाय कुठं जायाला?" सुंदरा म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिला त्याचा राग येत नव्हता. राग येण्याइतकं तिनं त्याला मोजणं केव्हाच सोडलं होतं.

दोन हजार साल लागलं तेव्हा म्हस्कूनं कहर केला. एक तारखेला दुपारीच घरी आला, शेजारच्या जानकूला आणि भागूला बोलावलं, पेढे वाटले आणि उभा राहून वाचायला लागला. "राव, नवं शतक हाय. घराला बी व्हिजन पायजे." हा शब्द त्यानं कुठल्या तरी भाषणातून उचलला होता. पुढं शोकेस, पुढच्या भिंतीला ऑइलपेंट, ओट्याला खांब असं एकेक निघालं. जानकू पेढा चघळत मान डोलवत होता. शेवटी म्हस्कू म्हणाला, "नंबर अकरा. सैपाकघराचं आधुनिकीकरण."

सुंदरा चुलीवरचा चहा घेऊन बाहेर आली. डोळे लालभडक, नाकातून पाणी. जानकू घाबरून म्हणाला, "वहिनी, रडताय व्हय?"

"रडंल माझं पायताण," ती म्हणाली. "धूर हाय त्यो. अठरा वर्सं झाली. नंबर अकराच्या म्होरं त्ये बी लिवा, म्हणावं बायकू धूर खाती."

भागू हसला. म्हस्कूनं घसा खाकरला आणि नंबर बारा वाचला.

दुसऱ्या दिवशी म्हस्कू गेटाची कडी लावून कामावर गेला. सुंदरानं पहार घेतली. पोरगी असताना दुष्काळात ती रोजगार हमीवर खडी फोडायला गेली होती, दगड कसा सुटतो हे हाताला ठाऊक होतं. शेजारच्या ठकूबाईला तिनं हाक मारली. दोघींनी आधी वरचे दगड सोडवले, वरचा भार पेलायला गोठ्यातली बाभळीची जाड फळी आडवी सारली, मग खालचे एकेक काढले. ठकूबाई सारखी म्हणत होती, "अगं, मालकास्नी इचारायचं तरी!"

"मालक फाट्याला हायत," सुंदरा म्हणाली. "धर ह्यो दगूड."

दुपार कलायच्या आत हातभर रुंदीचं भोक पडलं. सुंदरानं मातीनं कडा लिंपल्या, चूल पेटवली आणि मागं सरून उभी राहिली. धूर आधी नेहमीसारखा खोलीत घुटमळला, मग वाट सापडल्यागत बाहेर निघाला. ठकूबाई बघतच राहिली. सुंदराला वाटलं होतं, आपल्याला लई आनंद होईल. झाला तो संतापच. अर्ध्या दिवसाचं काम, आणि आपण अठरा वर्षं वाट बघितली, ती कुणाची?

संध्याकाळी म्हस्कू आला. भिंतीपुढं उभा राहिला, वास्तूचं काहीतरी पुटपुटला. मग टेप आणून त्यानं भोकाची लांबी-रुंदी मोजली. चार दिवसांनी इंद्रायणीनं डायरी उघडली आणि हसत सुटली. आईला वाचून दाखवलं, "नंबर अकरा. काम पूर्ण."

"कुणी केलं त्ये लिवलंय का?"

"नाय."

सुंदरानं तोंडातली मिश्री खिडकीतून बाहेर थुंकली.

त्यानंतर तिनं विचारणं बंदच केलं. स्वतःच न्हाणीला फरशी घातली, गोठ्याचं शेण वाहून जायला चर काढला. म्हस्कू दर साली वाचायचा, ती आपल्या कामात असायची.

२००४च्या उन्हाळ्यात फाट्यावर एसटीतून उतरताना म्हस्कूचा पाय मोडला. तीन महिने तो घरात पडून राहिला. इतके दिवस दिवसाउजेडी घरात तो पहिल्यांदाच होता. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "हितं एवढं उकडतं?"

"उकडतं."

"आन् त्यो पत्रा रातभर वाजतोय."

"वाजतोय."

मृगाचा पाऊस आला तसं पत्र्यातून त्याच्या छातीवर पाणी ठिबकायला लागलं. सुंदरानं खाट सरकवली नाही, त्यालाच कडेला सारून खाटेवर घमेलं ठेवलं. तो घमेल्यात पडणाऱ्या थेंबांकडं बघत पडून राहायचा. ठकूबाईला वाटलं, आता तरी याला अक्कल येईल. सुंदरानं तसली काही आशा धरली नव्हती, आणि ते बरंच झालं. कुबडीवर उभा राहिल्याबरोबर म्हस्कूनं पेंटरला निरोप धाडला. पुढची भिंत, आकाशी रंग.

पेंटर भिंत घासत होता. उघडीप होती. सुंदरानं डांबराचा डबा गरम केला, जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या फाडल्या आणि पत्र्याला शिडी लावली. इंद्रायणी कॉलेजला गेली होती. शिडी एका पायावर डुगडुगत होती. सुंदरानं इकडंतिकडं बघितलं. म्हस्कू कुबडी टेकून पेंटरला सूचना देत होता.

"अवं," ती म्हणाली. "धरा ही."

तो वळला. "म्या?"

"दुसरं कोन हाय?"

लंगडत आला. कुबडी भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. ती वर चढली, एकेका भोकावर गोणपाट चिकटवून डांबर फासत गेली. बराच वेळ गेला. खाली त्याचा चांगला पाय थरथरायला लागला होता.

"वरून कसं दिसतंय घर?" त्यानं विचारलं.

"हालू देऊ नगा," सुंदरा म्हणाली आणि पुढच्या भोकाकडं सरकली.