तो चालक रस्त्यावर किती असायचा

राधानगरी रस्त्यावरचा तो अपघात अजून मनातून गेलेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दुधाच्या ट्रकने सकाळच्या धुक्यात एका सायकलवरच्या शेतकऱ्याला उडवले. तो जागीच गेला. पन्नाशीचा चालक पळाला नाही. प्रेताशेजारी बसून राहिला. पंचनामा करून मी त्याला ठाण्यात आणले.

दुपारी निनावी फोन आला. "सायेब, त्यो म्हातारा सारखा ठोकतोय. लायसन काढा त्येचं, न्हायतर अजून कुणालातरी घिऊन जाईल."

त्याच्या नावावर आधीचे किरकोळ अपघात खरेच होते. त्याच ट्रकमालकाच्या इतर चालकांवर जेमतेम एखाददुसरा होता. परवाना रद्द करण्याची शिफारस मी लिहायला घेतली. घरात मिळवता तो एकटाच होता.

चौकशीत तो एवढेच म्हणाला, "डोळा लागला सायेब. चूक माझीच हाय." दारूचा संशय वैद्यकीय तपासणीत खोटा ठरला.

त्याच सुमारास एक प्राध्यापक चालकांच्या प्रवासाची पाहणी करायला आले. नाक्यावर गाड्या थांबवून ते विचारत, काल किती गाडी चालवली? मी शेजारी गणवेशात. जो तो म्हणे, "कुठं न्हाय सायेब, हितनंच आलोय."

प्राध्यापक हळूच म्हणाले, "तुम्ही उभे असलात की जिल्ह्यात कुणी गाडीच चालवत नाही!"

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्यांच्यासोबत चहाच्या टपरीवर बसलो. तिथे त्याच मालकाचा दुसरा चालक भेटला.

"आमी एक खेप मारून घरला जातोय, पावणं. आमचा चाचा, त्यो अपघातवाला, सकाळची बी मारतोय, सांजची बी. गाडीतच संसार मांडलाय त्येनं!"

सगळे हसले. प्राध्यापक मला म्हणाले, "तुम्ही अपघात मोजता. कोण रस्त्यावर किती असतो, तेही मोजा."

मी दूध गोळा होणाऱ्या गावांत फिरलो. "दोन्ही येळंला त्योच की," एक बाई म्हणाली. "दुसऱ्याचं तोंड आमी बघितलंय कुठं?"

मालकाला बोलावले. "भरवशाचा माणूस हाय सायेब, म्हणून त्येलाच पाठवतोय."

"मग तो झोपतो कधी?"



चालकाने कापलेल्या रस्त्याच्या मानाने अपघात मोजले, तर तो इतरांहून वाईट चालक नव्हता. शिफारस मी फाडली. मृत्यूचा खटला त्याच्यावर चाललाच; पण कामाच्या तासांचा नियम, जो आम्ही कधी लावत नव्हतो, तो मालकाला लावला.

परवाना राहील हे मी चालकाला सांगितले. तो म्हणाला, "त्या माणसाच्या बायकोला ह्ये कोण सांगणार?"

मीच गेलो. तिने सगळे ऐकून घेतले. जमिनीकडे बघत म्हणाली, "आमच्या घरचं माणूस बी रातभर उसाला पाणी पाजून येत हुतं, सायेब. दोघं बी झोपंतच हुतं म्हणायचं."

पुढे नोकरीत असेपर्यंत अपघाताच्या जागी पोहोचलो की गाडीचा वेग मी नंतर विचारत असे. आधी विचारी, माणूस केव्हापासून जागा होता. मेलेल्याबद्दलही.