कोणता मिलिंद?

एखाद्याच्या नुसत्या नावावरून इतके किस्से साठतील असं वाटलं नव्हतं. पण हडपसरच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नागपूरचा मिलिंद मेश्राम आला आणि कॅन्टीनला कायमचा विषय मिळाला!

पहिल्याच दिवशी मॅनेजर केळकरांनी विचारलं, "मिलिंद म्हणजे भुंगा ना?"

"हो सर. पण बाबांनी राजाचं म्हणून ठेवलं. मिलिंद राजा भिक्खूंना अवघड प्रश्न विचारायचा."

"इथे प्रश्न क्लायंट विचारतो!"

*

पुढे एकदा अमेरिकेशी कॉल चालू होता. शुक्रवारी डिलिव्हरी नक्की, असं केळकर ठासून सांगत होते. मिलिंदने मध्येच विचारलं, "आणि टेस्टिंग कधी करायचं?"

आम्ही सगळे केळकरांकडे बघायला लागलो.

केळकरांनी फोन म्यूट केला. "झालं समाधान, राजे?"

क्लायंटने चक्क आठवडा वाढवून दिला. केळकर मात्र कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

*

मग मंदी आली. एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे. बाहेर आलेला माणूस थेट खण रिकामा करायला लागायचा. आमच्याकडे सगळे पहिल्या नावाने. एचआरच्या मॅडमनी दारातून हाक मारली, "मिलिंद, आत या."

दोघं उठले. एक आमचा, दुसरा अकाउंट्समधला. त्याला नुकतीच मुलगी झाली होती.

"कोणता मिलिंद?" आमच्याने विचारलं.

मॅडम गोंधळून आत गेल्या. दोघं उभेच. कुणी की-बोर्डलाही हात लावेना.

दार उघडलं. "सॉरी हं, मिलन म्हणायचं होतं!"

कोपऱ्यातली मिलन पर्स उचलून उठली. या दोघांना बसावं की नाही, तेच कळेना.

*

आज मिलिंद विश्रांतवाडीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याआधी कर्वेनगरात भाड्याची एक जागा बघायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मालक काका एकदम खूश.

"मिलिंद! वा, माझ्या भाच्याचंही हेच नाव. एकटेच राहणार?"

"नाही, आई-बाबांना आणणार आहे."

"उत्तम! आम्हाला फॅमिलीच हवी. अहो ऐकलंत का, चहा टाका. बरं, पूर्ण नाव काय आपलं?"

"मिलिंद मेश्राम," त्याने सांगितलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"त्याचं काय आहे," काका म्हणाले, "आम्हाला खरं तर बॅचलरच हवा होता."

मिलिंद शांतपणे म्हणाला, "काका, मी बॅचलरच आहे."

काकांनी पेपर उघडला. काकूंनी पुढे येऊन कप त्याच्यासमोर ठेवला. मिलिंदने चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.