मुरघासाचा वास

चैत्रात माळावर गवताची काडी उरत नाही, तेव्हा आमच्या वहिनी शेडमधली मुरघासाची पिशवी उघडतात. पावसाळ्यात कुटी करून, हवाबंद दाबून ठेवलेला हिरवा मका एव्हाना पिवळसर झालेला असतो. त्याचा आंबटगोड वास सुटला, की वाटतं, कुणी सगळा श्रावणच या पिशवीत कोंबून ठेवला होता.

मेंढरं माना खाली घालून खातात आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत जातात. लोकरीखाली कण्याचं हाड बोटांना लागलं, तर मेंढरू अजून भरायचंय. लागेनासं झालं, की मांस धरलं, विकायला तयार.

“हा भरला बघा, भावजी,” कपाळावर ठिपका असलेल्या नराला थोपटत त्या म्हणाल्या. मग हात उचलायचं विसरूनच गेल्या. नराने डोळे मिटले आणि अंग त्यांच्यावर टेकवलं. त्याला ते लाड वाटत होते. होतेही बहुधा.

मीही त्याच्या पाठीवर हात ठेवला. गेल्या वर्षीचा पाऊस तिथे उबदार, मऊ होऊन साठला होता. माझी बोटं मात्र उगाचच लोकरीत खोल शिरून हाड शोधत राहिली.